मध्यावरचा बुडबुडा

मी एक जुनी पाणसळ आहे. गवंडी जिला नुसतं ‘लेव्हल’ म्हणतात, ती मी. दोन फूट लांबीची लाकडी पट्टी, कडांना पितळ, अंगात काचेच्या दोन नळ्या. एक आडवी, एक उभी. प्रत्येक नळीत पिवळसर द्रव आणि त्यात एक बुडबुडा. तो दोन काळ्या रेघांच्या मध्ये थांबला की माणसं “बरोबर आहे” म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. मित्रांनो, या बुडबुड्यावर विसंबून लोकांनी घरं बांधली. त्या काळातले सात महिने मी त्यांना चुकीचं सांगत होते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसत. त्या प्रत्येक पाणसळ टेबलावर ठेवत, बुडबुडा पाहत, मग पाणसळ उचलून तिची टोकं उलटसुलट करत आणि नेमक्या त्याच जागी पुन्हा ठेवत. कामावर नव्याने आलेल्या मुलीने एकदा विचारलं, की टेबलच तिरकं असलं तर काय करायचं? बाईंनी शांतपणे समजावलं. दोन्ही वेळा बुडबुडा खिडकीकडेच गेला, तर दोष टेबलाचा. पाणसळीबरोबर तोही फिरला, तर दोष पाणसळीचा. मला त्यांनी पाच वेळा फिरवलं, एक स्क्रू जरासा पिळला आणि मग पेटीत ठेवलं.

दुकानात मला एका तरुण गवंड्याने उचललं. त्याने गल्ल्याशेजारच्या फळीवर मला ठेवून पाहिलं, फिरवलं, पुन्हा पाहिलं. दुकानदाराच्या कपाळाला आठी पडली. इथून लोक विश्वासाने माल नेतात, असं तो म्हणाला.

“मीही विश्वासानेच नेणार आहे,” गवंडी म्हणाला. “बघून झालं की.”

या माणसाबरोबर मी अठरा वर्षं काढली. पुढे लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले. सकाळी कामावर आला की तो आधी एका सपाट दगडावर मला टेकवायचा, फिरवायचा, पुन्हा टेकवायचा. मग उभी नळी भिंतीला लावून तेच, एकदा एक कड, एकदा दुसरी. एवढं झालं की पहिली वीट. मजूर चेष्टा करायचे, की मिस्त्री रोज सकाळी लेव्हलची तब्येत विचारतात. तो हसायचा, पण फिरवायचं सोडायचा नाही.

त्याची थोरली बहीण कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. सुट्टीच्या दिवशी ती जेवायला आली, की भावाच्या अंगणात माझं हे फिरणं पाहायची. एकदा ती म्हणाली, की तू जे दोन मिनिटांत करतोस त्यावर चारशे वर्षांपूर्वी एका विचारवंताने अख्खं पुस्तक लिहिलं. मग तिने भावाला आणि भावजयीला ते सगळं सांगितलं. मी खुंटीला होते, मीही ऐकलं. त्या माणसाने ठरवलं, की ज्याच्याबद्दल जराही शंका घेता येईल ते खरं धरायचं नाही. डोळे फसवतात, पाण्यात बुडवलेली सरळ काठी वाकडी दिसते. स्वप्नातही सगळं खरंच वाटतं. टोपलीत काही सफरचंदं नासली आहेत अशी शंका आली, तर माणूस सगळी टोपली ओततो, तसं त्याने आपलं सगळं ज्ञान ओतून टाकलं. शेवटी एकच गोष्ट उरली. मी शंका घेतोय, म्हणजे शंका घेणारा मी तरी आहेच.

मिस्त्रीने हातातला घास ताटात ठेवला. “म्हणजे ताई, अख्खी इमारत पाडून त्याच्या हाती एक वीट लागली.”

“हो. पण पक्की.”

हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की पुढे कितीतरी दिवस तो पक्की वीट दिसली की ती ताईची वीट म्हणायचा. ताईही मला अधूनमधून वर्गात नेऊ लागली. मुलं मला टेबलावर फिरवून बघायची. त्या काळात माझ्याइतकी सुखी पाणसळ दुसरी नसेल.

मग मिस्त्रीचं नाव झालं. त्याच्या भिंतीला लेव्हल लावायची गरज नाही, असं लोक म्हणायचे. आधी तो हे हसण्यावारी न्यायचा. नंतर त्याला ते ऐकायला आवडू लागलं, आणि मग ते खरंच आहे असं वाटू लागलं. भिंतीची उभी रेषा तपासायचा, दोरीला वजन बांधलेला ओळंबा पिशवीच्या तळाशी गेला. सकाळचं फिरवणं आधी दिवसाआड झालं, मग आठवड्यातून एकदा, मग कधीतरी.

अशातच एका दुपारी मी बांबूच्या परांचीवरून खाली पडले. खाली दगडांचा ढीग होता. काच फुटली नाही, हे माझं दुर्दैव. फुटली असती तर त्याने मला फेकून दिलं असतं आणि कुणाचंच काही बिघडलं नसतं. मिस्त्रीने मला सदऱ्याला पुसलं, भिंतीला लावलं. बुडबुडा मध्यावर आला. “वाचली,” असं म्हणून तो कामाला लागला. ती भिंत त्याने जराशी कललेली बांधली होती आणि आतून माझी नळीही तेवढीच कलली होती. दोन चुका एकमेकींना भेटल्या आणि बरोबर दिसल्या. त्याने मला एकदा फिरवलं असतं तर दोन्ही तिथेच पकडल्या गेल्या असत्या.

मित्रांनो, मला तोंड नाही. तो नेहमी माझी एकच कड लावायचा आणि त्या कडेने बुडबुडा मधोमध, अगदी शांत. खोटं बोलताना माझा चेहरा बदलत नाही. सात महिन्यांत आम्ही अकरा ठिकाणी कामं केली.

बारावं काम ताईच्याच कॉलेजातलं होतं. ग्रंथालयाला जोडून वाचनकक्ष, त्याची बारा फुटी बाहेरची भिंत, वर स्लॅब आणि त्या स्लॅबवर पुस्तकांची लोखंडी कपाटं यायची होती. भिंत झाली, सळ्या बांधून झाल्या, स्लॅब दुसऱ्या दिवशी ओतायचा होता. त्या भिंतीतल्या चौकटीला सुतार दार बसवत होता आणि ते दार लावलं की आपोआप बाहेर उघडत होतं. सुताराने बिजागऱ्या दोनदा काढून बसवल्या. दाराला वळण नाही, असं तो कुरकुरला. मिस्त्री त्याला ऐकवत होता, की दाराला नाही, सुताराला वळण नाही. मजूर हसत होते.

ताई तास संपवून काम बघायला आली होती. तिने दार लोटलं. ते उघडलं. पुन्हा लोटलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा ती दाराकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

“लेव्हल फिरवून बघ,” ती म्हणाली.

मिस्त्रीचा हसरा चेहरा उतरला. अठरा वर्षांची लेव्हल आहे, असं तो म्हणाला. मजुरांचं हसणं थांबलं.

“तुला माझ्यावर शंका आहे का, ताई? सगळ्यांसमोर?”

“आहे,” ताई म्हणाली. “फिरवायला किती वेळ लागतो?”

त्याने मला भिंतीला लावलं. बुडबुडा मध्यावर. त्याने बहिणीकडे असं पाहिलं, की आता तरी झालं ना समाधान? मग मला फिरवून दुसरी कड त्याच जागी टेकवली. बुडबुडा सरकला, रेघ ओलांडून नळीच्या कडेला जाऊन बसला. मिस्त्रीने पिशवीच्या तळातून ओळंबा काढला, वरून सोडला. बारा फुटांत भिंत दोन बोटं बाहेर होती.

स्लॅब थांबला. भिंत त्याने स्वतःच्या हाताने उतरवली, कुणाला हात लावू दिला नाही. सुताराची माफी मागितली. त्यानंतर तो घरी बसला.

लोकांना वाटलं, की लाज वाटली म्हणून बसला असेल. मला माहीत होतं, मी त्याच खुंटीला होते. त्याचा कशावरच विश्वास उरला नव्हता. घरातली फळी तो बोटाने चाचपायचा. मापाची फीत दुसऱ्या फितीशी ताडून बघायचा, मग दुसरी तरी खरी कशावरून, म्हणून तिसरी आणायचा. त्या अकरा घरांत माणसं राहत होती. त्याआधीही कितीदा मला न फिरवता काम झालं होतं, त्याला आठवत नव्हतं. स्वतः बांधलेल्या जिन्यावर तो पाय ठेवेना.

त्याच्या बायकोने नणंदेला बोलावून घेतलं. दारातच म्हणाली, “ताई, तुमच्या शंकेने माझा माणूस खाल्ला.”

ताई उंबऱ्याशीच थांबली. पंचवीस वर्षं तिने शंका शिकवली होती. ती एखाद्याच्या घरात शिरून बसलेली तिने पहिल्यांदाच पाहिली. मग ती भावाजवळ जाऊन बसली. म्हणाली, की चूक माझी आहे. टोपली ओतायची एवढंच मी रंगवून सांगितलं. त्या माणसाने नंतर एकेक फळ हातात घेऊन, बघून, चांगलं ते परत टोपलीत ठेवलं, हे घाईघाईत सांगायचं राहिलं.

“चांगलं ठरवायचं कशावर?” मिस्त्रीने विचारलं. “ही लेव्हल खोटी आहे. ही फरशी मीच घातलीय, तीही खोटी असेल.”

“मग तुझ्याकडे खरं काय आहे?”

तो उठला, मला खुंटीवरून काढलं आणि त्याच फरशीवर ठेवलं. बुडबुडा होता तिथे काचेवर लाल रंगाची बारीक रेघ ओढली. मला फिरवलं. दुसरी रेघ ओढली. दोन्ही रेघांच्या बरोबर मध्ये तिसरी. ही जागा माझ्या काळ्या रेघांपासून बरीच दूर होती. त्याने त्या तिसऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज नीट निघाला.

“ही खरी आहे. फरशी कशीही असू दे, ती बुडबुड्याला एकदा इकडे ओढेल आणि फिरवल्यावर तेवढंच तिकडे.”

उभ्या नळीवरही त्याने भिंतीला लावून तशीच रेघ काढली. दुसऱ्या दिवसापासून तो मला घेऊन अकरा घरी गेला. दार वाजवून सांगायचा, की माझ्याकडून चूक झाली असेल, बघू द्या. काहींनी चहा दिला, काहींनी चांगलंच फैलावर घेतलं. आठ ठिकाणी फरक नखाएवढा निघाला. एका गच्चीचा कठडा त्याने उतरवून पुन्हा बांधला, एका घरातला जिन्याचा टप्पा फोडून सारखा केला. अकराव्या घराच्या मालकाने दार उघडलंच नाही. आमच्या घरात काही दोष नाही, उगाच शेजाऱ्यांत चर्चा नको, असं त्याने आतूनच सांगितलं. मिस्त्री चार वेळा जाऊन आला. आजही तो त्या रस्त्याने जाताना थांबतो, एक डोळा मिटून त्या भिंतीची कड बघतो. लांबून काही कळत नाही.

कामासाठी त्याने नवी पाणसळ घेतली, तिला तो रोज फिरवतो. मी आता ताईच्या वर्गातल्या कपाटात असते. कधी महिनोन्‌महिने कुणी कपाट उघडत नाही. माझ्या पितळेवर हिरवट डाग आलेत, लाल रेघा पुसट झाल्यात. त्या पुसल्या गेल्या तर मला हातात घेणाऱ्याला मी पुन्हा फसवीन, याची मला फार भीती वाटते. मित्रांनो, मी दुरुस्त झालेले नाही. माझ्या काळ्या रेघा अजूनही खोटंच सांगतात. तुम्ही कपाट उघडाल तेव्हा माझ्यावरची धूळ झटका, पण तेवढ्यावर थांबू नका. टेबलावर ठेवा, बघा आणि फिरवून पुन्हा बघा. फिरवणाऱ्याला मी आजही खरं सांगू शकते. आणि कुणी चांगल्या मनाने तुमचं दार वाजवून “बघू द्या” म्हणालं, तर त्याला आत येऊ द्या.