खांद्यावर राहिलेला हात

आमच्या बाहेरच्या खोलीत बाबांचा लहानपणीचा एक फोटो आहे. सहा-सात वर्षांचा मुलगा, पांढरा सदरा, तेल चोपडून बसवलेले केस, मागे काळा पडदा. आणि खांद्यावर एक हात. त्या हाताला माणूस नाही. मनगट संपतं तिथे पडदा सुरू होतो.

हा हात कुणाचा, असं विचारलं की बाबा म्हणायचे, "फोटोग्राफरचा. मी सारखा हलत होतो." दादाने मला वेगळंच सांगून ठेवलं होतं. अंधार पडला की तो हात भिंतीवरून उतरतो आणि दूध न पिणाऱ्या मुलांच्या खांद्यावर येऊन बसतो. लहानपणी मी त्या भिंतीकडे कधी पाठ करून बसले नाही. दूध मात्र निमूट प्यायले.

बाबांचा स्वतःचा स्टुडिओ होता, आणि त्यांचं नाव होतं ते रिटचिंगसाठी. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की कागदावर पांढरं उमटतं, ब्लेडने खरवडलं की काळं. या दोन हत्यारांवर त्यांनी गावभरच्या पोरींचे मुरूम घालवले आणि फोटोत मिटलेले डोळे उघडले. एका बाईने नवऱ्याचा मेल्यानंतर काढलेला फोटो आणला होता, त्याचेही डोळे बाबांनी उघडून दिले. ती खूश होऊन गेली. मी मात्र आठवडाभर स्टुडिओत पाऊल टाकलं नाही.

मी फिल्म करते. म्हणजे तसं म्हणायचं. पोटासाठी कारखान्यांचे सुरक्षेचे व्हिडिओ बनवते: हेल्मेट घाला, चालू यंत्रात हात घालू नका. दादा मला हेल्मेट म्हणूनच हाक मारतो. ज्यांची माणसं पडद्यावर दिसत नाहीत, आणि दिसलीच तर चोर नाहीतर मोलकरीण म्हणून दिसतात, अशा समाजातल्या दिग्दर्शकांसाठी वर्षभराचा एक उपक्रम निघाला होता. पटकथेवर काम, एक अनुभवी दिग्दर्शक हाताशी, आणि शेवटी पहिला चित्रपट. पुढच्या वर्षी माझं वय त्यात बसणार नव्हतं. म्हणजे आत्ता नाही तर जन्मभर हेल्मेट.

अर्जातला पहिलाच प्रश्न होता, तुम्ही कोणत्या समाजातून येता?

वर्षापूर्वी मी या प्रश्नाला हसले असते आणि अर्ज बंद केला असता. पण बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा शेवटी शेवटी ते एका भलत्याच बोलीत बोलायला लागले. आमच्या घरात ती कुणी कधी ऐकलेली नव्हती. वॉर्डातल्या मावशींनी चादर बदलता बदलता त्यांना त्याच बोलीत उत्तर दिलं, आणि बाबा एकदम शांत झाले. "तुमचे वडील आमच्यातलेच की," मावशी म्हणाल्या. "कालव्यापलीकडचे." आई उठून दार लावून आली. दादा म्हणाला, औषधांनी बरळतायत. मी मावशींना विचारलं, काय म्हणतायत ते?

"म्हणतायत, मी हलत नाहीये, बघ."

कालव्यापलीकडची माणसं आमच्या भागात कामाला येतात. त्यांना इकडे कुणी घर भाड्याने देत नाही. बाबांनी आयुष्यभर इकडची बोली बोलून, इकडचं आडनाव लावून, इकडच्या मुलीशी लग्न करून आम्हाला इकडचं केलं होतं. अगदी बेमालूम. शेवटी त्यांचं कामच ते होतं.

मी अर्ज करतेय म्हटल्यावर दादाचा फोन आला. निवडलेल्यांची नावं, फोटो, समाज, सगळं ते जाहीर करतात हे त्याने शोधून काढलं होतं.

"माझ्या सासरी मी काय सांगू? तुला पिक्चर काढायचाय, काढ. आमच्या घरावर नांगर कशाला फिरवतेस?"

"घर बाबांचं आहे. बाबा तिकडचे होते."

"बाबांनी ती मूठ मरेपर्यंत झाकून ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं तरी कळतं ना?"

"त्या मुठीत कोण होतं ते मला बघायचंय."

"मग बघ. आणि अर्ज गेला तर मला बहीण नाही असं मी समजेन." एरवी तो असं बोलून फोन आपटणारा माणूस. या वेळी त्याने हळूच ठेवला, म्हणून मला भीती वाटली.

आईने तर पहिल्या दिवसापासून एकच धरलं होतं: मी मेल्यावर काय ते कर.

शेवटच्या दिवशी, दुपारी, अर्जासोबत द्यायचं चित्र तयार करायला बसले. बाबांच्या पत्र्याच्या डब्यात त्या फोटोची निगेटिव्ह होती. ती स्कॅन करून कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठी केली. फोटोतला काळा पडदा सगळा पडदा नव्हताच. मुलाच्या मागे, एका उभ्या माणसाच्या आकारात, ब्लेडचे बारीक ओरखडे होते. डोकं, मान, खांदा, दंड. घाईत केलेलं काम नव्हतं ते. न चुकता, एकाच दिशेने, भाजी चिरावी तसं खरवडत आणलं होतं, आणि मनगटाशी थांबवलं होतं.

आधी वाटलं, सदरा खराब होईल म्हणून बाबा थांबले असतील. मग लक्षात आलं की सदरा पांढरा आहे. हातावर पेन्सिल फिरवली असती तर तो सदऱ्यात मिळून गेला असता. मेलेल्याचे डोळे उघडणाऱ्या माणसाला त्यात काय अवघड होतं? त्यांना हात काढता येत होता. त्यांनी तो काढला नव्हता.

मी हात आणखी मोठा केला. करंगळी सरळ नव्हती. मधल्या पेरापासून आत वळलेली होती. आणि ते बघताक्षणी माझ्या कानामागे काहीतरी टोचलं.

ती करंगळी मला ठाऊक होती. आमच्याकडे वरकामाला एक बाई यायची. सगळे तिला बाई म्हणायचे. भांडी, कपडे, आणि शाळेआधी माझी वेणी. वेणी घालताना तिची वाकडी करंगळी दर पेडाला माझ्या कानामागे लागायची. मी चुळबुळ केली की म्हणायची, "मान हलवू नकोस." बाबा तिच्याशी बोलायचे नाहीत. पण ते जेवत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि त्यांचं ताट रिकामं झाल्याशिवाय घरी जायची नाही. मला वाटायचं, ताट घासायचं राहिलंय म्हणून थांबते. मग एकदा ती यायची बंद झाली. त्या दिवशी स्टुडिओ उघडला नाही. बाबा डार्करूममध्ये लाल दिवा लावून बसले होते आणि आई मला म्हणाली, आत जाऊ नकोस, फोटो धुतायत.

मी आईला हाक मारली. ती पडद्यासमोर बसली, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"बाईची करंगळी," मी म्हटलं.

"मला पण फोटोग्राफरचाच हात म्हणाले होते," ती म्हणाली. "मला वाटलं, ह्यांनी त्यांना अख्खंच पुसून टाकलं. हात ठेवला होता होय."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"लग्नानंतर दोन वर्षांनी मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हे म्हणाले, कामाला ठेव आणि मला काही विचारू नकोस. रोज कामाला आल्या तर रोज बघता येईल, एवढंच ठरवलं होतं मायलेकांनी." तिने बोटाने पडद्यावरची करंगळी पुसून पाहिली, धूळ असल्यासारखी. "मी सासूला पगार दिला गं. दर महिन्याला. मोजून घ्यायच्या. जास्तीचे दिले तर परत करायच्या."

मला रडू यायला हवं होतं. पण मला राग आला. बाबांचा आला, आईचा आला, आणि "बाई, माझे बूट कुठे ठेवलेस" म्हणून खेकसणाऱ्या त्या दोन वेण्यांच्या मुलीचा सगळ्यात जास्त आला.

"भर तो अर्ज," आई म्हणाली.

"दादा?"

"त्याचं मी बघते. नाही बघता आलं तर नाही. पण त्यांना बाई लिहू नकोस तिथे."

मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. पाच शब्दांचं होतं. मग गोष्ट लिहिली, चित्र जोडलं. सहा वाजता अर्ज बंद होणार होता. शेवटच्या पानावर एक रकाना होता: चित्रपटातील मुख्य व्यक्तीचं नाव.

"नाव काय होतं त्यांचं?"

आई म्हणाली, "ह्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

बाबांच्या सगळ्या कागदांवर 'आईचे नाव' या रकान्यात कुठलंतरी इकडचं, सोयीचं नाव होतं. दादाला माहीत असणं शक्य नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या बाईने आमची उष्टी काढली तिचं नाव या घरात कुणालाच येत नव्हतं. मी रकाना तसाच ठेवून बटण दाबलं. लाल अक्षरं आली: ही जागा रिकामी ठेवता येणार नाही.

"रिकामी ठेवता येत नाही हे आत्ता सुचलं कुणाला तरी," आई म्हणाली आणि तिने तोंडावर हात धरला.

सहाला काही मिनिटं होती. मी कालव्यापलीकडे जाऊन विचारू शकले असते, उद्या. जाणारच आहे. पण आज ती जागा भरायची होती. मी 'आजी' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेसुद्धा टाइप करून. बटण दाबलं. अर्ज गेला.

आई माझ्यासमोर बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. आणि माझ्या कानामागे करंगळी लागली. वाकडी, खरखरीत, नेहमीच्या जागी. मग केसांना मागून हलका ताण आला, पेड घेताना येतो तसा.

मी मागे वळून पाहिलं नाही. मान हलवलेली तिला चालायची नाही.