भाकरी इथंच मिळेल

पुण्याच्या पाहुण्यांना जुन्नर हिंडवणारा गोरक्ष आपल्या नव्या फेरीचं कार्ड घेऊन आला तेव्हा द्रौपदाबाई तव्यापुढं बसलेली होती. पहाटेपासून तिच्या हाताखालून दीडशेवर भाकऱ्या गेल्या होत्या आणि अजून एक टोपली बाकी होती. गोरक्षनं कार्ड तिच्या सुनेच्या, स्नेहाच्या हातात दिलं. स्नेहानं मोठ्यानं वाचलं.

"जुन्नरची खाद्यफेरी. एका गावात पाच चवी. शकूरभाईंचा दालचा, रामदासची मासवडी, हॉटेल बाणाईचं मटण, जैनांची जिलबी, बेकरीतली नानखटाई." मग ती थांबली. "आत्या, हे बघा."

कार्डावर रश्श्याच्या वाटीशेजारी बाजरीची भाकरी होती. खाली छापलं होतं, 'हॉटेल बाणाईची अस्सल धनगरी भाकरी.' भाकरीवर चार बोटांचे वळ उठले होते आणि करंगळीच्या जागी नुसता एक ठिपका. द्रौपदाबाईची करंगळी लहानपणी माहेरच्या गावी, डिंगोऱ्यात, कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती. असला ठिपका जुन्नर तालुक्यात दुसऱ्या कुणाच्या भाकरीवर उठत नव्हता.

"गोरक्ष, ही भाकरी कुणाची रं?"

"बाणाईची. काकाच्या हाटेलातच फोटो काढला. लई भारी आलाय, न्हाई?"

"कुठं काढला ते न्हाई इचारलं. कुणाची, म्हनलं."

गोरक्षनं डोकं खाजवलं. बाणाईचा मालक मच्छिंद्र हा त्याचा सख्खा काका. काकाच्या हॉटेलात, शकूरभाईकडं आणि रामदासकडं अकरा वर्षं द्रौपदाबाईच्याच भाकऱ्या जात होत्या, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. बसस्टँडच्या मागं तिची स्वतःची खानावळ होती. तीन टेबलं, सहा बाकडी, दारावर निळा रंग. कार्डावर ती कुठंच नव्हती.

"मावशी, पुण्याचं पावणं असत्यात. सुकटीचा वास त्यास्नी सोसत न्हाई."

"मग शकूरभाईच्या भट्टीवर काय चाफा फुलतो व्हय?"

स्नेहा हसली. गोरक्ष हसला नाही.

"तसं न्हाई. लोक इचारत्यात, हे कुणाचं, ते कुणाचं. शकूरभाईचं मुसलमानी, काकाचं धनगरी. तुमचं काय सांगायचं?"

"जे हाय ते सांग."

त्यानं मोबाइलात बघितलं. "पुढच्या येळंला बघू, मावशी."

पुढच्या वेळेला बघू, हे तिनं आयुष्यात इतक्या दारांत ऐकलं होतं, की ते ऐकलं की काम होणार नाही एवढं तिला आपोआप कळायचं. तो गेला. तिचा नवरा भागुजी दारात कांदे सोलत होता. तो म्हणाला, "जाऊ दे. भाकरी खपतीय ना? तिच्यावर नाव कशाला पायजे?"

"मटणावर हाय. जिलबीवर हाय. भाकरीवरच कसं नको?"

भागुजीनं पुढचा कांदा उचलला.

खाद्यफेरी रविवारी, बाजाराच्या दिवशी होती. शुक्रवारी द्रौपदाबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं, कार्ड पदरात बांधलं आणि ती एकटीच गावात निघाली. या तीन हॉटेलांत ती रोज जायची, पण मागच्या दारानं. भरली टोपली ठेवायची, रिकामी उचलायची. पुढच्या दारानं आत जाऊन खुर्चीवर बसण्याचं काम तिला कधी पडलं नव्हतं.

शकूरभाईच्या हॉटेलात ती रस्त्याकडून शिरली तसा तो भटारखान्यातून बाहेर आला.

"द्रौपदाबाई, पुढून? भाकऱ्या कमी पडल्या का काय?"

"आज गिऱ्हाईक हाय. दालचा लावा."

त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं टेबल स्वतः पुसलं. "पाव देऊ का भाकरी?"

"भाकरी द्या. बघू तर इथं कशी करत्यात."

"बरी करतात," शकूरभाई म्हणाला, "करणारी बाई जरा तिखट आहे, एवढंच."

दालचा चांगला होता. डाळीत दुधी शिजून लोण्यासारखा झालेला, चिंचेचा आंबटपणा मटणाच्या हाडापर्यंत गेलेला. तिनं वाटी पुसून खाल्ली आणि मग कार्ड काढून त्याच्यापुढं ठेवलं. शकूरभाईनं चष्मा लावला. वाचता वाचता त्याचं हसू गेलं.

"माझ्या नावापुढं कंसात काय टाकलंय बघा. शाही मुघलाई. माझा आजा इथंच गाद्यांचा कापूस पिंजायचा, बाई. कसली शाही न् कसलं काय."

"तुमच्या डोक्यावर नको तो मुकुट आन् माझ्या डोक्यावर नुसती टोपली," ती म्हणाली. "रविवारी भाकरी येनार न्हाई, शकूरभाई. कुनी मागितली तर माझ्याकडं धाडा."

त्यानं चष्मा काढला. "धाडतो," म्हणाला.

रामदासच्या हॉटेलात मुंबईचं एक कुटुंब मासवडी खात होतं. बेसनाच्या पातळ पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळलेली ती वडी रामदासकडं खरोखर चांगली व्हायची, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण त्या कुटुंबातली बाई तिसऱ्यांदा भाकरी मागत होती आणि रामदास तिला सांगत होता, "घ्या ना ताई, आमच्या आईच्या हातची आहे." त्याची आई दोन वर्षं अंथरुणावर होती.

रामदास वळला तर पुढच्याच टेबलाशी द्रौपदाबाई.

"गिऱ्हाइकाला असंच सांगावं लागतं, मावशी," तो हळूच म्हणाला.

"सांग की. पन त्या माउलीला एकदा चाखव तरी. तिच्या हातची कशी लागती, ते तिला बी कळू दे."

रामदासनं तिला मासवडी वाढली, पण पैसे घेतले नाहीत. तिनं ते टेबलावर ठेवले, रविवारचं सांगितलं आणि उठली.

बाणाईत दुपारची गर्दी होती. भिंतीवर घोंगडी टांगलेली, खंडोबा-बाणाईचा फोटो, त्याला ताजा हार. मच्छिंद्र गल्ल्यावर होता. "मागं ठेवा की टोपली," तो मान वर न करता म्हणाला.

"टोपली न्हाई. जेवायला आलीय."

वाढप्यानं तिला हात धुवायच्या बेसिनजवळचं टेबल दाखवलं. ती मधल्या टेबलावर बसली. मटण मेंढीचं होतं, वाटण पाट्यावरचं, टोमॅटोचा थेंब नाही. मच्छिंद्रच्या आजोबांनी मेंढरामागं रानात शिजवलं असेल तसंच. तिनं मन लावून खाल्लं आणि आजूबाजूच्या ताटांत बघितलं. रस्सा कुणी कुणी वाटीत टाकला होता. भाकरीचा तुकडा कुणी टाकला नव्हता.

गल्ल्यावर पैसे देताना ती म्हणाली, "रस्सा झकास हाय, मच्छिंद्रभाऊ. रविवारी भाकरी येनार न्हाई."

"कोन आजारी हाय का?"

"न्हाई. समदी ठणठणीत हायती. ज्याला माझी भाकरी पायजे त्यानं माझ्याकडं यावं, बसून खावी."

मच्छिंद्र हसला. "वयनी, तुमी बी ना, राव." त्याला ती थट्टा वाटली.

घरी भागुजीला मात्र ती थट्टा वाटली नाही. "आपलं निम्मं घर त्या तीन टोपल्यांवर चालतंय," तो म्हणाला. "चिडून तिघांनी बी दुसरीकडं धरलं तर?"

"धरू दे."

"आन् खायाचं काय?"

"तुमी, मी आन् स्नेहा. तिघांपुरती भाकरी मला जमती."

रविवारी पहाटे स्नेहानं विचारलं, "आत्या, पीठ किती काढू?"

"रोजच्याएवढंच."

साडेअकराला मच्छिंद्रचा फोन आला. स्नेहानं उचलला. भाकऱ्या कुठं आहेत, असं तो विचारत होता. "इथंच हायत की," स्नेहा म्हणाली आणि फोन ठेवला. भागुजी रस्त्याकडं तोंड करून बसला होता. त्यानं तंबाखू दोनदा मळली आणि दोन्ही वेळा खायची विसरला.

साडेबाराला गोरक्ष धापा टाकत आला. "मावशी, वीस भाकऱ्या बांधा. पावणं बाणाईत बसल्यात. काकानं चपात्या वाढल्या तर एक बाई कार्डच टेबलावर ठिवून बसली. म्हणती, ही कुठंय?"

"मग सांगायचं, कुठंय ते."

"शकूरभाईनं सांगितलंच की आधी. चालता चालता समदी तेच इचारत व्हती. तुमी फक्त बांधून द्या."

"पार्सल बंद हाय."

"मावशी, माझी इज्जत जाईल."

"माझी फोटोत गेली, तवा तुला काय वाटलं न्हाई. घिऊन ये त्यास्नी."

गोरक्ष तसाच माघारी गेला. आता ते येतील का नाही, हे द्रौपदाबाईलाही ठाऊक नव्हतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. टोपली भरत आली होती आणि टेबलावर दोनच गिऱ्हाइकं होती, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर.

दहा मिनिटांनी गल्लीच्या तोंडाशी टोप्या आणि गॉगल दिसले. नऊ माणसं होती. पुढं पांढऱ्या केसांची एक बाई, हातात कार्ड. आत दाटी झाली, तेव्हा चौघं बाहेर ओट्यावर बसले. ती बाई चुलीपाशी येऊन द्रौपदाबाईच्या हाताकडं बघत राहिली.

"मी नूतन," ती म्हणाली. "हा ठिपका आम्हाला डिझाइन वाटला होता."

"कडबाकुट्टीनं काढलेलं हाय," द्रौपदाबाई म्हणाली. "बसा."

स्नेहानं ताटं लावली. माळशेज घाट चढून कोकणातून येणाऱ्या सुकटीचं कालवण, रक्ती, ठेचा, कांदा. नूतननं रक्तीच्या वाटीकडं बोट केलं. "हे काय?"

"बकऱ्याचं रक्त. शिजवून कांदा-मिरचीत परतलंय. मटण आमच्या वाट्याला यायचं न्हाई, हे यायचं. मग ह्येच चांगलं करायला शिकली आमची मानसं."

एका तरुणानं वाटी बाजूला सारली.

"नको तर नको," द्रौपदाबाई त्याला म्हणाली. "पन नाक मुरडायचं न्हाई. ठेचा हाय, त्याच्यासंग खा."

त्यानं ठेचा घेतला आणि थोड्या वेळानं डोळे पुसत दुसरी भाकरी मागितली. नूतननं रक्ती खाल्ली. "तिखट आहे," म्हणाली. "हायच," द्रौपदाबाई म्हणाली. कुणी सुकट संपवली, कुणी रक्ती अर्धी ठेवली. भाकऱ्या मात्र टोपलीतून उतरत गेल्या. गोरक्ष दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

नूतन त्याच्याकडं वळली. "आधीच्या हॉटेलांत तुम्ही सगळं सांगत होतात, कुणाचं, कसलं. इथलं काय?"

द्रौपदाबाईचा हात परातीत थांबला.

गोरक्षनं जमिनीकडं बघितलं. "बौद्धांची खानावळ हाय," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "द्रौपदा मावशीची. गावातल्या तीन हाटेलांची भाकरी हितनंच जाती. बाणाईची बी हीच. कार्डावर मी चुकीचं छापलं."

"बस आता," द्रौपदाबाई म्हणाली. "सकाळपासनं उपाशी असशील."

पाहुणे गेले आणि पाठोपाठ मच्छिंद्र आला. तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला.

"माझी गिऱ्हाइकं पळवली, वयनी. भरल्या हाटेलातनं उठून गेली."

"पळवली न्हाई. आपल्या पायानं आली."

"अकरा वर्सं भाकरी घेतली मी तुमच्याकडनं. रोख पैशानं. एका दिवसाचा खाडा न्हाई."

"तुमी पैसं बुडवलं, असं कोन म्हनलं? पन अकरा वर्सांत एकदा तरी हा उंबरा वलांडला का? माझी भाकरी तुमच्या घरात चालती आन् माझं बाकडं चालत न्हाई. हे कसं?"

"मी काय तसलं मानत न्हाई."

"मंग या आत."

मच्छिंद्र आत आला नाही. "नारायणगावात भाकरीचं मशीन आलंय," तो म्हणाला. "उद्यापासनं तिथनं आणतो."

"आणा. आन् धनगरी म्हणून वाढा."

तो गेला. त्या रात्री भागुजी नीट जेवला नाही.

सोमवारी दोन टोपल्या रिकाम्या राहिल्या. रामदासनं डिंगोऱ्याची दुसरी बाई धरली आणि तसा निरोपही पाठवला नाही. शकूरभाईनं मात्र गल्ल्याशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, 'भाकरी: द्रौपदाबाई, बसस्टँडमागे.' त्याची टोपली तिनं स्वतः नेली आणि पुढच्या दारानं नेली. मंगळवारी पीठ निम्मं काढलं. बुधवारी भागुजी डिंभ्याला पाहुण्याकडं गेला आणि धरणाचे मासे घेऊन आला. म्हणाला, सुकटीसंग ह्ये बी ठिव, माणूस वाढंल. माणूस थोडं वाढलं. दोन टोपल्यांची तूट भरून निघेल एवढं नाही वाढलं.

गुरुवारी ऐन दुपारी गल्लीत मोटारसायकल थांबली. मच्छिंद्र गाडीवरूनच म्हणाला, "शंभर भाकऱ्या द्या. ती मशीनची गार झाली की चामडं व्हतीया. कालपासनं गिऱ्हाइकं बोलायला लागल्यात."

"हायत. ताटात मिळतील."

"वयनी, हाटेल उघडं टाकून आलोय."

"माझं बी उघडंच हाय."

आतली चार-पाच माणसं जेवता जेवता ऐकत होती. मच्छिंद्रनं गाडी स्टँडवर लावली. उंबऱ्याशी त्याचा पाय क्षणभर अडला आणि मग तो आत आला. मधलं टेबल रिकामं होतं. तिथंच बसला.

"कशासंग देऊ?" स्नेहानं विचारलं.

"जे हाय त्याच्यासंग."

तिनं सुकट वाढली आणि रक्तीही वाढली. मच्छिंद्रनं सुकटीत भाकरी बुडवली, मग दोन घास रक्तीचे घेतले. कुणाकडं न बघता सगळं खात गेला. मेंढरामागं हिंडलेल्या घरातला माणूस. त्याला रक्ती नवी नव्हती, ती इथं बसून खाणं नवं होतं.

दुसरी भाकरी घेताना तो म्हणाला, "झालं का मनासारखं? आता उद्यापासनं टोपली धाडा."

"शकूरभाईच्या फळ्यावर माझं नाव हाय."

"बघितलंय मी."

"तुमच्याकडं कवा लागंल?"

मच्छिंद्र पाणी प्यायला. "पाटी रंगवायला टाकलीय. सोमवारपतुर येईल."

"मग टोपली बी सोमवारी येईल."

"तवर माझ्या गिऱ्हाइकांनी काय खायाचं?"

"हिकडं धाडा त्यास्नी," द्रौपदाबाई म्हणाली आणि तव्यावरची गरम भाकरी त्याच्या ताटात टाकली. "तुमी बी येत जा. आन् आता जेवा, गार व्हतीय."