डाव्या अंगठ्याची पट्टी

बायको गेल्यावर तिचं शिलाई मशीन मी घरातून उचलून दुकानात आणून ठेवलं. घरी ते समोर दिसायचं. मी मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री, पण त्या मशीनला मी हात लावला नाही. तिनं शेवटचा ओवलेला खाकी दोरा सुईत तसाच होता.

त्या मशीनला एक पत्र्याची पट्टी होती. बायको शाळेच्या चड्ड्या शिवायची. इलॅस्टिक ताणून धरायचं आणि त्याच वेळी कापड सरकवायचं, यात तिच्या मनगटाला कळ लागायची. एकदा तिनं माझ्या भंगाराच्या डब्यातला पत्रा घेतला, वाकवला, त्याला चीर पाडली आणि इलॅस्टिक त्यातून ओढलं. पट्टीची शेपटी अंगठ्यानं दाबली की ताण कमी-जास्त व्हायचा. मी म्हणालो होतो, "हे काय, उंदराचा सापळा?"

"हसा," ती म्हणाली. "आधी स्क्रूसाठी एक भोक पाडून द्या, मग हसत बसा."

भोक मी पाडलं. त्या पट्टीत माझं एवढंच.

पेटंट कार्यालयातल्या बाई आमच्या गल्लीत आल्या तेव्हा शेजारचा टेलर, आम्ही त्याला चष्मेवाला म्हणतो, माझ्याच दुकानात बसला होता. बाईंनी समजावून सांगितलं. काही देशांनी मिळून आमच्यासारख्या देशांच्या पेटंट कार्यालयांना हात द्यायची योजना काढली होती. तिकडे नेऊन अधिकाऱ्यांना शिकवायचं, तपासणीची यंत्रणा द्यायची. आणि छोट्या दुकानांतले शोध ज्यांचे त्यांच्या नावावर नोंदवायचे, म्हणजे बाहेरचा कोणी उचलून नेणार नाही. बाई स्वतः तिकडून शिकून आल्या होत्या आणि दुकान दुकान फिरत होत्या.

बोलता बोलता त्यांची नजर पट्टीवर गेली. "काका, हे कोणी बनवलं?"

बायकोनं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि कळलं, बोललो तर रडू येईल. चष्मेवाला बघत होता. त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

"मी," म्हणालो.

"मिस्त्री!" चष्मेवाला ओरडला. "एवढं डोकं कुठं लपवून ठेवलं होतंत?"

तेव्हाच खोडून काढायला हवं होतं. नाही काढलं. पुढे तर ते मला आवडायला लागलं. बायको गेल्यापासून गल्लीतले लोक माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. आता मोठ्यानं हाका मारायला लागले. आणि मनाची समजूत घालायला एक कारणही सापडलं होतं: मेलेल्या माणसाच्या नावावर पेटंट कोण देतं?

बाईंनी अर्ज माझ्या नावानं केला. पट्टीच्या हक्कातून पुढे मिळणारे पैसे माझ्या शाळकरी मुलीच्या शिक्षणाला उपयोगी पडतील, असंही म्हणाल्या. "आधी अर्ज, मग मेळावा," हे त्यांचं ठरलेलं. चारचौघांत आधी दाखवलं तर शोध नवा राहत नाही.

अशा शोधांचा मेळावा त्यांच्या कार्यालयाच्या सभागृहात झाला. परदेशातले पाहुणे होते, शेजारच्या देशांचे अधिकारी होते, एक दुभाषी होता. चष्मेवाल्याच्या मदतीनं टेम्पोतून मशीन नेलं. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. मागे वळून बघितलं तर शेवटच्या रांगेत माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. तिला चष्मेवाल्यानं सांगितलं असणार. त्याच्या पोटात काही राहत नाही.

परदेशातून आलेले मुख्य पाहुणे काहीतरी बोलले. दुभाषी म्हणाला, "त्यांना पट्टी चालताना बघायची आहे. तुम्ही शिवून दाखवा."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मशीनचा स्क्रू न् स्क्रू मला ठाऊक, पण सरळ शिवण मी आयुष्यात घातलेली नाही. मशीन चालतंय का बघायला चिंधीवर चार टाके मारतो, तेवढंच. तरी बसलो. कापड घेतलं, इलॅस्टिक चिरीतून ओढलं, उजवा हात आडवा नेऊन शेपटी दाबली. पाय मारला. इलॅस्टिक गोळा होऊन सुईखाली अडकलं, कमरपट्टा म्हाताऱ्याच्या कपाळासारखा झाला आणि खाकी दोरा तुटला.

तिनं ओवलेला दोरा. तो मी तोडला.

लोक हसले. वाईट नव्हते हसले, सांभाळून घेतल्यासारखे हसले. पाहुण्यांनी वाकून पट्टी बघितली. दुभाषी म्हणाला, "शेपटी डावीकडे का ठेवली, विचारतायत."

"तिकडे जागा होती म्हणून," मी म्हणालो.

मागून मेहुणी उठून आली. "भाऊजी, सरका."

ती बसली, दोरा ओवला, डावा अंगठा शेपटीवर ठेवला. चड्डीची कंबर एका दमात फिरली, एकसारखी, कुठे सुरकुती नाही. सभागृहात टाळ्या वाजल्या. सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. पाहुण्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला.

व्हरांड्यात पाण्याच्या माठाजवळ मेहुणीनं मला गाठलं.

"ताई डावखुरी होती, विसरलात?"

"नाही."

"मी उजवी, पण ताईनं शिकवलं म्हणून मलाही डाव्यानंच शिकावं लागलं. जागा होती म्हणे!"

"सांगायला गेलो असतो तर रडलो असतो."

"मग रडायचं होतंत! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण त्या नागोबाला निदान बीळ कोणी खणलं ते माहीत नसतं. तुम्ही शेजारी बसून बघितलंय."

"मेलेल्या माणसाचं नाव लावत नाहीत गं."

"कोणाला विचारलंत?"

कोणालाच विचारलं नव्हतं.

बाई टेबलावरचे कागद आवरत होत्या. चेहरा फुलला होता. आमच्या पट्टीची गोष्ट दुसऱ्या देशांना उदाहरण म्हणून सांगायची, असं पाहुण्यांनी त्यांना नुकतंच सांगितलं होतं. मला बघून खुर्ची पुढे केली. मी उभ्यानंच खरं काय ते सांगितलं.

त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "काका, शोध लावणारं माणूस हयात नसलं तरी नाव त्याचंच लागतं. हक्क वारसांना मिळतो. आम्हाला अगदी सुरुवातीला हेच शिकवतात."

मग मी त्या खुर्चीवर बसलो.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "दुकानात माणूस बसलेला असताना विचारलं. तुम्हाला बाजूला घ्यायला हवं होतं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खोटं मी बोललो होतो आणि चूक त्या स्वतःच्या पदरात घेत होत्या. आता अर्ज दुरुस्त करावा लागणार, वरच्या साहेबांना उत्तर द्यावं लागणार, तेही त्यांनाच.

"पाहुण्यांना कळवायला हवं," त्या म्हणाल्या.

"मीच सांगतो."

सभागृहात सगळे चहाचे कप घेऊन उभे होते. मी पाहुण्यांसमोर जाऊन सांगितलं, पट्टी माझी नाही, माझ्या बायकोची आहे, ती वारली, आणि मी खोटं बोललो. दुभाषी माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"हे असंच सांगू?"

"असंच सांगा."

त्यानं सांगितलं. आजूबाजूचं बोलणं थांबलं. दारात चष्मेवाला उभा होता, त्यानं चष्मा काढून खाली बघितलं. पाहुण्यांनी कप टेबलावर ठेवला आणि ते थोडंसं बोलले.

"ते पुन्हा विचारतायत," दुभाषी म्हणाला, "शेपटी डावीकडे का?"

"ती डावखुरी होती," मी म्हणालो. पुढे मनगटाच्या कळेचं सांगायचं होतं, भंगाराच्या डब्याचं, उंदराच्या सापळ्याचं. ते सांगून झालं नाही. दुकानात ज्या रडण्याला घाबरलो होतो ते आता एवढ्या परक्या माणसांसमोर झालं. पाहुणे मान खाली घालून थांबले. या वेळी टाळ्या नव्हत्या.

डोळे पुसून बघितलं तर मेहुणी मशीनपाशी बसली होती. मी बिघडवलेलं कापड तिनं मांडीवर घेतलं होतं आणि शिवण उसवत होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. तिनं वर न बघता कापडाचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"ताणून धरा. हे तरी जमतंय का बघू."