चौथी फेरी

"आजी चुकली की तिला दुरुस्त करायचं नाही," नाचाच्या बाई टाळी वाजवत म्हणाल्या. "आपण काय करायचं?"

"तिचंच पाऊल टाकायचं!" गोलातली पोरं एका सुरात ओरडली.

दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी हा वर्ग भरायचा. ज्यांच्या घरी कुणी विसरत चाललंय, ती माणसं पोरांना घेऊन यायची. गोलात एक मूल आजी व्हायचं, मुद्दाम भलतंच पाऊल टाकायचं आणि बाकीच्यांनी न हसता, न थांबता तेच उचलायचं. आज आजी झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीची खरी आजीही भिंतीकडेच्या खुर्चीत पर्स घट्ट धरून बसली होती. शेजारी डॉक्टरीणबाई होत्या.

बाईंचा जीव मात्र पियानोपाशी अडकला होता. तिथे त्यांचे यजमान, मास्तर, बसले होते. तीस वर्षं बाईंनी शिकवलं आणि मास्तरांनी वाजवलं. गेलं वर्षभर मास्तर विसरत होते आणि बाई ते झाकत होत्या. साऱ्या गावाला समजुतीने घ्या म्हणून सांगणाऱ्या या बाई घरी नवऱ्याकडून रोज सकाळी धडा घोकून घ्यायच्या: तीन फेऱ्या, मग शेवटचा तुकडा. डॉक्टरीणबाईंच्या हे एकदा लक्षात आलं की मास्तरांची जागा पियानोसमोरून उठून भिंतीकडच्या, विसरणाऱ्यांच्या खुर्च्यांच्या रांगेत जाणार. ते बाईंना सोसणारं नव्हतं.

तीन फेऱ्या झकास झाल्या. मास्तरांनी चौथी सुरू केली.

बाईंनी डोळे वटारले, पण मास्तर आपल्याच नादात होते. पाचवी झाली, सहावी झाली. पोरं चेकाळली होती आणि पालकांना वाटलं, असंच बसवलंय. सातव्या फेरीला डॉक्टरीणबाई पुढे सरकून मास्तरांकडे बघू लागल्या.

बाई तरातरा गेल्या आणि त्यांनी मास्तरांचे हात पट्ट्यांवरून झटकले.

"तीनदा! सकाळपासून घसा फोडतेय, तीनदा! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

मास्तरांनी दोन्ही हात मांडीत लपवले.

"बाई, असं नाही ना करायचं," आजी झालेली मुलगी हळूच म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय."

मास्तर तिच्याकडे वळले. "या कोण गं? फार चिडतात."

नाव विसरणं, वार विसरणं बाईंनी सोसलं होतं. हे पहिल्यांदाच घडत होतं आणि तेही साऱ्यांदेखत. मुलीने एकदा बाईंकडे पाहिलं आणि मग शिकवल्याप्रमाणे शांतपणे उत्तर दिलं.

"या आमच्या नाचाच्या बाई आहेत."

"बऱ्या शिकवतात का?"

मुलीने जरा विचार केला. "हो."

"मग वाजवू?"

मुलीने होकार दिला. पोरं पुन्हा गोलात उभी राहिली आणि त्यांनी सरकून एकीपुरती जागा केली. डॉक्टरीणबाईंनी भिंतीकडची एक खुर्ची उचलली आणि पियानोशेजारी आणून ठेवली; मास्तरांना उठवलं नाही.

बाई गोलात जाऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. तीस वर्षं शिकवलेलं पहिलंच पाऊल बाईंचं चुकलं.

सगळ्या पोरांनी तेच टाकलं.