सर्वांत गरजू शाळा

दिघीच्या खाडीकाठी असलेल्या एका मराठी शाळेचे छप्पर तिसरीच्या वर्गावर गळत असे. जी शाळा सर्वांत हलाखीची, तिलाच प्रथम निधी, असे शासनाने न्यायबुद्धीने ठरविले होते आणि पाहणीसाठी अधिकारी येणार होते.

परंतु पाहुण्यापुढे उघडीबोडकी शाळा मांडणे गावाच्या रीतीत बसेना. शाळा समितीचा अध्यक्ष सदू याने घरोघर फिरून खुर्च्या, टेबल, पंखे, इतकेच नव्हे तर सरपंचांचे भिंतीवरील घड्याळही आणविले. गळक्या आढ्याखाली लग्नमांडवाचे कापड ताणले.

अधिकारी प्रसन्न झाले. "वा! आदर्श शाळा! निधी आता पलीकडच्या वाडीला देऊ."

सदू घाईने पुढे झाला. "साहेब, यातलं आमचं काय बी न्हाय! समदं मागून आनलंय!"

"अध्यक्ष, निधी म्हटला की सगळेच असं सांगतात."

सदूने क्षणभर गावाच्या अब्रूचा विचार केला, मग तिसरीच्या मुलांकडे पाहिले आणि तो दारात जाऊन ओरडला, "ज्याची त्यानं वस्तू न्या रे!"

आपली वस्तू परत मिळते की नाही, या चिंतेने गावकरी सकाळपासून दाराशीच तिष्ठत होते. पाहता पाहता वर्ग ओस पडला. कापड उतरताच दोन कौले साहेबांच्या पायांशी येऊन फुटली.

रंगूकाकू अदबीने म्हणाली, "साहेब, वाईच उठता का? खुर्ची माझी हाय."

साहेब उठले. टेबलही गेलेले पाहून सदूने आपली पाठ पुढे केली. तीवर कागद ठेवून साहेब लिहू लागले, 'अत्यंत गरजू.'

"हलू नका, अध्यक्ष," ते म्हणाले, "अजून सही राहिलीय."