सर्वांत जुने तुकडे

सोमवारी सकाळी सर्व्हरच्या खोलीत एवढं होतं: दोन सर्व्हर, एक खुर्ची, एक पंखा आणि खिळ्याला अडकवलेली तपासणीची वही. पहिल्या सर्व्हरमध्ये एक्केचाळीस व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच पेटीत नांदणारे एक्केचाळीस संगणक. त्यांतले चाळीस चालू. दुसऱ्या सर्व्हरमध्ये त्या सगळ्यांचे बॅकअप. वहीत गेल्या तीन महिन्यांच्या तीन नोंदी: 'बॅकअप परत उभा करून पाहिला. ठीक.' तिन्हींखाली मास्तरची सही. तिन्ही खोट्या.

मास्तर हे त्याचं टोपणनाव. वय सव्वीस, पण किती वाजले विचारलं तर हा घड्याळ कसं चालतं ते सांगणार. बियाणं तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत बॅकअपचं काम त्याच्याकडे होतं.

बंद पडलेलं एक्केचाळिसावं मशीन वहिनीचं होतं. रविवारी वीज गेली, आली, परत गेली, त्यात त्याची डिस्क वाचण्यापलीकडे बिघडली. वहिनी त्याच्या थोरल्या भावाची बायको, याच प्रयोगशाळेत संशोधक. तो त्यांच्याकडेच राहायचा. अकरा वर्षं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, सकाळी दहाला ती अंकुरांच्या ट्रेंचा फोटो काढत आली होती. चार हजार अठरा दिवस, चार हजार अठरा फोटो, सगळे त्या मशीनमध्ये. येत्या महिन्यात तिचा अहवाल जायचा होता.

ती दारात उभी होती. विभागप्रमुखांच्या कपाळावर आठ्या होत्या, हिच्या नव्हत्या.

"सर, तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेताय," ती म्हणाली. "माझा दीर बसलाय ना तिथे. दुपारपर्यंत उभं करेल."

मास्तरने मान खाली घातली आणि बॅकअप परत आणायची आज्ञा दिली. चार टक्क्यांवर काम थांबलं. 'तुकडा सापडला नाही.' दुसऱ्यांदा दिली. परत तेच.

काय झालं ते त्याला लगेच कळलं.

दोन वर्षांपूर्वी जेवताना त्यानेच घरी हे समजावून सांगितलं होतं. "बॅकअपवाला सर्व्हर प्रत्येक डिस्कचे तुकडे करतो. सारखा दिसणारा तुकडा एकदाच ठेवतो, बाकी सगळे त्याच्याकडे फक्त बोट दाखवतात. चार भावंडांत एकच शब्दकोश असतो ना, तसं. आणि रोज फक्त बदललेले तुकडे पाठवायचे. म्हणून तर इतकी वर्षं एवढ्याशा जागेत मावतात."

"आणि तो एकुलता शब्दकोश हरवला तर?" वहिनीने विचारलं होतं.

"तो कोण हरवणार?"

"घरात तू असताना काहीही होऊ शकतं," भाऊ म्हणाला होता, आणि तिघंही हसले होते.

तीन महिन्यांपूर्वी बॅकअपची जागा चौऱ्याण्णव टक्के भरली. प्रमुख म्हणाले, जागा मोकळी कर. सर्व्हरची स्वतःची सफाई दोन दिवस चालली असती. मास्तरला धीर कुठला? त्याने तुकड्यांच्या फोल्डरमध्ये नऊ महिने न बदललेल्या फाईली शोधल्या आणि एका ओळीत पुसून टाकल्या. जुनं ते निरुपयोगी, असा हिशेब. पण तुकडा लिहिला की पुन्हा कधीच बदलत नाही. जितका जुना, तितकी जास्त बोटं त्याच्याकडे. जागा एकाहत्तर टक्क्यांवर आली, प्रमुखांनी पाठ थोपटली. त्यानंतरचे बॅकअपही रोज 'यशस्वी' होत राहिले, कारण कालच्यापेक्षा आज काय बदललं एवढंच ते पाहत. परत उभं करून पाहिलं असतं तर पहिल्याच महिन्यात समजलं असतं.

"बॅकअपची डिस्क जुनी झाली असेल," प्रमुख म्हणाले. "कंपनीला कळवू."

डिस्कवर ढकलणं सोपं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. मग त्याला वहिनी दिसली. ती अजून त्याच्याकडे भरवशानेच बघत होती.

"डिस्क ठीक आहे, सर. मी पुसलं," तो म्हणाला. "आणि वहीतल्या तिन्ही सह्या न तपासता केल्यात."

वहिनी दारातून आत आली. पंखा फिरत होता.

"मला काल रात्री जेवतानासुद्धा म्हणालास," वहिनी हळू म्हणाली, "चिंता नको."

"हो."

"वही इकडे दे." तिने तिन्ही सह्या बघितल्या. "अक्षर तरी किती सुबक काढलंयस. आता काय परत येईल ते सांग. आणि समजावू नकोस, सांग."

त्याने सांगितलं. तुकड्याची ओळख त्याच्या मजकुरावरून ठरते. तोच मजकूर दुसऱ्या कुठल्या मशीनमध्ये असेल तर तिथून तुकडा पुन्हा भरता येतो. सगळी मशीन एकाच साच्यातली, म्हणून मूळ प्रणाली परत येईल. तीन वर्षांपूर्वी वहिनीच्या मशीनची जशीच्या तशी प्रत काढून शेजारच्या विभागाला दिली होती; चालू चाळिसांत ती आहे. तोवरचे फोटो तिच्यात असतील. शेवटच्या वर्षाचे तुकडे त्याने पुसलेच नव्हते.

"आणि मधली दोन वर्षं?"

"ती दुसरीकडे कुठेच नाहीत."

चाळीसही मशीन पहिल्यापासून वाचून होईपर्यंत बुधवारची दुपार झाली. वहिनी खुर्चीवर बसली होती, तो उभा होता. एक्केचाळिसावं मशीन सुरू झालं. तिने एकेक वर्षाचं फोल्डर उघडलं, त्याने वहीत आकडे लिहिले, या वेळी एकेक मोजून.

चार हजार अठरा फोटोंपैकी तीन हजार दोनशे सत्त्याऐंशी उघडले. सातशे एकतीस उघडले नाहीत.