वहिनींच्या गालावरची सावली

मी एक थर्माकोलची शीट. उंचीला दाराएवढी आणि वजनाला पिसासारखी. पंखा लावला की मी पडते, म्हणून माझ्या पाठीशी कायम एक खुर्ची ठेवलेली असते. तुम्ही मला कुठेतरी पाहिलं असेल, पण लक्षात ठेवलं नसेल. तरी ऐका, दोन गोष्टी माझ्याकडेही सांगण्यासारख्या आहेत.

कारखान्यात वाफेने फुगून, दाबून, कापून मी जन्मले. दुकानातून मला फोटोवाल्या ताईंनी आणलं. ताई जाहिरातींचे फोटो काढतात. साबण, बिस्किटं, कुकर, तेलाच्या बाटल्या. खोली साधीच. डावीकडे मोठी खिडकी, तिला पातळ पांढरा पडदा, मधोमध टेबल. खिडकीचा उजेड वस्तूच्या एका अंगावर पडतो आणि दुसरं अंग अंधारात राहतं. त्या अंधाऱ्या बाजूला मला उभी करायची. मी उजेड घेते आणि वस्तूवर परत टाकते. जवळ आणलं की सावली पुसली जाते, लांब नेलं की थोडी उरते. एवढंच माझं काम.

पाठीला मात्र मला काळा कागद आहे. काचेच्या बाटलीला चहूकडून उजेड दिला की तिच्या कडाच दिसेनाशा होतात. मग शेजारी काळं काहीतरी धरावं लागतं. त्यासाठी ताईंनी आधी माझ्या बहिणीवर काळा स्प्रे मारला. त्या रंगाने तिला जागोजागी खाल्लं, चाळणीच झाली बिचारीची. तेव्हा ताई शहाण्या झाल्या आणि मला खळीने कागद चिकटवला. आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आता वहिनींचं सांगते. ताईंच्या भावाची बायको. गळा गोड. चार महिन्यांच्या बाळाला निजवता निजवता त्यांनी अंगाया रचल्या आणि एका गाण्यांच्या कंपनीने त्यांचा अल्बम काढायचं ठरवलं. पण कंपनीचे साहेब म्हणाले, कव्हरवर मॉडेल घेऊ. गोरी, हसरी, सोबत गुटगुटीत बाळ. वहिनींच्या डोळ्यांखाली काळं आलेलं, चेहरा उतरलेला. लोक आधी चेहरा बघतात आणि मग गाणी, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी फारच गळ घातली तेव्हा ते म्हणाले, गुरुवारी संध्याकाळपर्यंत फोटो पाठवा, पटला तर बघू.

वहिनी वाद घालणाऱ्यातल्या नाहीत. बाळाला टोपडं बांधता बांधता ताईंना एवढंच म्हणाल्या, "उद्या हा मोठा होऊन विचारेल, तुझ्या गाण्यावर ही बाई कोण? काय सांगू मी त्याला?"

गुरुवारी दुपारी सगळे जमले. बाळ आईंच्या मांडीवर. आई म्हणजे ताईंची आई आणि वहिनींची सासू. ताईंनी वहिनींना खिडकीपाशी बसवलं, पण भिंतीपासून चार पावलं पुढे, म्हणजे मागची भिंत पुसट येते. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, नेम जवळच्या डोळ्यावर. कव्हर चौकोनी असतं आणि त्यावर नावही लिहायचं असतं, म्हणून उजवीकडे जागा मोकळी सोडली. आणि मला आणलं अगदी गालाजवळ. डोळ्यांखालचं काळं घालवायचं होतं ना.

मी जीव ओतला. काळं गेलं. नाकाची सावली गेली, गालाचीही गेली. पन्नासेक फोटो झाले. ताईंनी ते संगणकावर लावले. वहिनी ओळखपत्रावरच्या फोटोसारख्या दिसत होत्या.

आई चष्मा पुसून जवळ आल्या. "साबणाची वडी टिपलीस की काय? माझी सून कुठाय यात?"

"अगं, चेहरा किती स्वच्छ आलाय बघ."

"स्वच्छ कसला? चार महिने झोपली नाही ती. त्या जागरणातूनच आलीत ना गाणी? तेवढंच नेमकं पुसलंस."

ताईंनी खिडकीकडे पाहिलं. चार वाजून गेले होते, खिडकीतला उजेड उतरायला लागला होता. मला वाटलं, चूक माझीच. मायेपोटी उजेड जास्त वाढला मी.

ताई उठल्या आणि त्यांनी मला फिरवलं. काळी बाजू वहिनींकडे. बाटलीसाठी करायचं ते माणसासाठी त्यांनी कधी केलं नव्हतं. आता मी उजेड देत नव्हते, होता तो गिळत होते. वहिनींच्या एका गालावर सावली बसली. खिडकीकडचा डोळा तेवढा चमकत राहिला. डोळ्यांखालचं काळं होतं तिथेच होतं, पण आता ते चेहऱ्याचंच वाटत होतं.

तेवढ्यात बाळ किरकिरलं. आईंनी ते वहिनींच्या खांद्यावर दिलं आणि वहिनी सवयीने गुणगुणायला लागल्या, कोणाकडे न बघता. ताईंनी बटण दाबलं.

माझी कड फोटोत आली होती. एरवी ताई मला ढकलून मागे सारतात. त्या दिवशी म्हणाल्या, "राहू दे. काळ्यावर पांढरं नाव छान उठेल."

फोटो गेला. उत्तराला तासभर लागला. तेवढ्या वेळात वहिनींनी बाळाचा लंगोट तीनदा बदलला, ओला नसताना. मग फोन वाजला. ताईंनी नुसतं हं, हं केलं आणि फोन ठेवून सांगितलं की साहेबांनी मॉडेलला नकार कळवला, वहिनींचाच चेहरा राहणार. "आणि विचारत होते, फोटोत कुठलं गाणं गातेय ही?"

वहिनींच्या डोळ्यांना धार लागली. आई म्हणाल्या, "रड बाई, रड. फोटो झालाय आता."

याला तीन वर्षं झाली. माझा एक कोपरा तुटलाय, पाठीचा कागद विटलाय. आता चकचकीत कापडाच्या, घडी होणाऱ्या चकत्या आल्यात. ताई त्याही वापरतात. मला राग नाही. खिडकीशेजारची जागा माझीच आहे, आणि माणसाचा फोटो असला की ताई आधी त्याच्याशी थोडं बोलतात आणि मग ठरवतात, माझी कोणती बाजू लावायची.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. आईचा फोटो काढाल तेव्हा घरातले सगळे दिवे लावू नका. तिला खिडकीशी बसवा. हातात काम असेल तर असू द्या. चेहऱ्यावर सावली येईल, ती दमलेली दिसेल. दिसू द्या. दमलेली असतेच ती.